धारचा फडके स्टुडिओ

गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला लोटणारी गर्दी लोकमान्यांच्या पुतळ्याजवळून समुद्राकडे जाते. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य गेले आणि त्यांच्यावर अंत्यसंस्कारही याच वाळूत झाले. ज्यांनी गणेशोत्सव घराबाहेर आणला, त्यांच्यासमोरच तो दरवर्षी पार पडतो. हा पुतळा घडवणारे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके पुढे आपल्या माळव्यात येऊन राहिले, हे आपल्या घरातल्या मुलांना आपण कधी सांगितले आहे का?

फडके मूळचे वसईचे. जन्म १८८४ चा. मुंबईत नाव झाले आणि मग पवारांच्या धार संस्थानाने त्यांना माळव्याकडे ओढले. कामापुरते आलेले फडके धारचेच झाले. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७२ मध्ये धारलाच त्यांचे निधन झाले. त्यांच्या कामाची जागा आजही 'फडके स्टुडिओ' म्हणूनच ओळखली जाते. नोकरीसाठी, दरबारासाठी आलेली आणि इथेच रुजलेली आमची घराणी या कहाणीत स्वतःला सहज ओळखतील.

शिल्पकाराचा स्टुडिओ म्हणजे काय, हे गणपतीच्या दिवसांत आपल्याला समजावून सांगायला नको. लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा करायचा, त्यावर ओली माती चढवायची, ती वाळून तडकू नये म्हणून रात्री ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवायची. नाकडोळे, पागोट्याची घडी, उपरण्याची चुणी सगळे मातीतच साधायचे. मग त्यावर प्लास्टरचा साचा घ्यायचा. साचा निघाला की माती संपली. ती पुन्हा ढीग होऊन पुढच्या मूर्तीची वाट पाहते. आपला पार्थिव गणपतीही असाच मातीला परत मिळतो.

साच्यातून निघते ती प्लास्टरची प्रत. तिच्यावरून धातूचा पुतळा ओततात, तो चौकात जातो, त्याचे अनावरण होते, त्याला हार पडतात. प्लास्टरची प्रत मात्र स्टुडिओतच राहते. खरे तर शिल्पकाराच्या बोटांशी तिचेच नाते अधिक जवळचे असते. पण प्लास्टर ओल सोसत नाही. माळव्याचे चार-दोन पावसाळे गळक्या छपराखाली गेले, की आधी बोटे गळतात, मग नाक.

राजवाडा पडला तर बातमी होते, कलावंताचे राहते-कामाचे घर गप्पपणे रिकामे होते. तिथले कैचे, कोरण्या, जुनी छायाचित्रे, कामाची पत्रे अडगळीत जातात. म्हणून आमचे सांगणे साधे आहे. इंदूरहून धार अवघ्या दीड-दोन तासांवर. मुलांना मांडू दाखवायला नेतो, तेव्हा वाटेत धारला थांबू या. ज्यांच्या घरी फडक्यांच्या काळातला एखादा फोटो, पत्र किंवा वडीलधाऱ्यांच्या तोंडची आठवण असेल, त्यांनी ती तारखेसह वहीत उतरवून ठेवावी. चौपाटीवरचे लोकमान्य सांभाळायला सारी मुंबई आहे. धारचा स्टुडिओ सांभाळायला आपणच आहोत.