पारनेरात बर्फ पडत नाही

"आपल्या पारनेरात बर्फ पडतो का रे?" तात्यांनी विचारलं.

मी गाडीखाली आडवा होतो. पाठीला मुरूम टोचत होता, हातातल्या पकडीत रेडिएटरच्या खालच्या होजची क्लिप होती आणि ती काही केल्या सरकत नव्हती. तात्या, म्हणजे माझे चुलते, शेजारी खुर्ची टाकून कूलंटच्या कॅनवरचं लेबल वाचत होते. त्यावर अँटीफ्रीझ लिहिलं होतं आणि खाली बर्फाच्या चांदणीचं चित्र होतं.

"नाही पडत," मी खालूनच म्हणालो.

"मग हे कशाला? आम्ही जन्मभर बोअरचं पाणी घातलं."

प्रश्न बरोबर होता. मी इंजिनिअर आहे, पण सॉफ्टवेअरवाला. पुण्यात दिवसभर स्क्रीनसमोर बसतो आणि महिन्यातून एखादा रविवार गावी येऊन गाडीखाली शिरतो. तात्यांना मी त्या वेळी दिलेलं उत्तर अर्धवट होतं. नीट उत्तर शोधायला मला पुढचे दोन आठवडे लागले, आणि ते कॅनवर नव्हतं, इतिहासात होतं.

तात्यांनी नव्वदच्या दशकात टेम्पो चालवला. पारनेरहून कांदा भरायचा, टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा करत माळशेज घाट उतरायचा आणि वाशी मार्केट गाठायचं. जाताना उतार, म्हणून इंजिनाला आराम. येताना मात्र घाट चढताना काटा लाल रेषेकडे सरकायचा. मग बाजूला थांबायचं, बॉनेट उघडायचं, बिडी संपेपर्यंत वाट पाहायची आणि सीटमागचा कॅन काढून पाणी ओतायचं. एकदा घाई नडली. झाकण गरम असतानाच फिरवलं आणि आतली वाफ उजव्या हातावर आली. ती खूण अजून आहे. लहानपणी आम्ही तिला नकाशा म्हणायचो.

पण हे काही तात्यांचं एकट्याचं नव्हतं. मोटार जन्मली तीच तहानलेली होती. कार्ल बेंझने १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीत आजच्यासारखा रेडिएटर नव्हताच. इंजिनाभोवतीचं पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं, आणि तेवढं पुन्हा भरायचं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. सुमारे १०० किलोमीटरचा रस्ता. वाटेत मिळेल तिथून, विहिरीतून, ओढ्यातून, ती पाणी भरत गेली. हे वाचल्यावर मला बर्थाबाई थेट माळशेजच्या वळणावर दिसल्या.

उडून जाणारं पाणी परत वापरायचा चांगला मार्ग विल्हेल्म मायबाखने काढला. १९०० साली त्याने मर्सिडिजसाठी जो मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला, त्यात ८,०७० छोट्या नळ्या होत्या. नळ्यांमधून हवा वाहायची, भोवतीचं पाणी गार व्हायचं आणि परत इंजिनात जायचं. आज आपण गाडीच्या पुढच्या जाळीतून जे पाहतो ते त्याच पोळ्याचं नातवंड. यात नवं ओतायचं पाणी फारसं लागत नाही. पण तेच तेच पाणी वर्षभर आत राहतं, आणि खरी भानगड तिथूनच सुरू झाली.

थंड देशांतली भानगड म्हणजे बर्फ. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं आणि बिडाचा इंजिन ब्लॉकसुद्धा तडकवतं. म्हणून तिकडचे लोक हिवाळ्यात पाण्यात मिथाइल अल्कोहोल मिसळायचे. ते गोठू द्यायचं नाही, पण इंजिन तापलं की स्वतःच उडून जायचं. मग रसायनशास्त्राच्या कपाटात पडून असलेला एक जुना पदार्थ कामाला आला. एथिलीन ग्लायकॉल, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल वुर्ट्झने १८५० च्या दशकात बनवलेलं. रंग नाही, घट्टसर, चवीला गोड. १९२७ साली अमेरिकेत युनियन कार्बाइडने ते प्रेस्टोन या नावाने मोटारींसाठी बाजारात आणलं. हो, तीच कंपनी, जिच्या भोपाळच्या कारखान्यातून १९८४ मध्ये वायू सुटला.

म्हणजे लेबलवरचा बर्फ तिकडचाच. आपल्याकडे मात्र या पदार्थाची एक वेगळी वाट आली, ती सैन्यामार्गे. आणि ती बघायला पारनेरहून तासभर पुरतो.

अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाड्यांचं संग्रहालय आहे. शाळेची सहल हमखास तिथे जाते. आम्हीही गेलो होतो, आणि सगळ्यांसारखाच मी फक्त तोफा पाहिल्या. इंजिनाचा विचार करत परत गेलो तो या वर्षी. तिथे ब्रिटिश बनावटीचा सेंच्युरियन आहे. त्याचं मीटिअर इंजिन म्हणजे रोल्स-रॉइसच्या मर्लिन या विमानाच्या इंजिनाचं जमिनीवरचं भावंड. स्पिटफायर विमानातल्या सुरुवातीच्या मर्लिनमध्ये पाणी नव्हतंच, निव्वळ ग्लायकॉल असायचं. ते जास्त तापमान सोसतं, म्हणून रेडिएटर लहान ठेवता येतो आणि विमानाला हवेचा अडथळा कमी होतो. पण लवकरच लक्षात आलं की ग्लायकॉल उष्णता वाहून नेण्यात पाण्याइतकं कुशल नाही, शिवाय गळलं तर पेट घेतं. मग ७० टक्के पाणी, ३० टक्के ग्लायकॉल असं मिश्रण आलं आणि दाब वाढवून उकळणं लांबवलं गेलं. पाणी आणि ग्लायकॉल यांचं मिश्रण, वर दाबाचं झाकण: आज आपल्या दारातल्या गाडीत हेच आहे.

त्याच आवारात पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटन उभा आहे. त्याचं बारा सिलिंडरचं इंजिन हवेवर गार होतं. ना रेडिएटर, ना पाणी. कागदावर हा केवढा फायदा! पण सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळच्या असल उत्तरच्या लढाईत आपल्या सैन्याने कालवा फोडून शेतांत पाणी सोडलं आणि पाण्यावाचून चालणारे पॅटन चिखलात रुतून बसले. अर्थात कारणं आणखीही होती, आपल्या तोफखान्याची तयारी होती, सेंच्युरियनचा नेम होता. तरी त्या पॅटनसमोर उभा राहून मी हसलो.

त्याच खेमकरण भागात त्या युद्धात पारनेर तालुक्यातला एक जवान सैन्याचा ट्रक चालवत होता आणि हल्ल्यातून वाचला. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे. १९७५ मध्ये ते गावी परतले आणि पुढे नालाबंडिंग, पाझर तलाव, चर असं पाणी अडवायचं काम उभं राहिलं. त्यांच्या राजकारणाबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. पण पारनेर हा पाण्याच्या थेंबाचा हिशेब ठेवणारा तालुका आहे, यावर एकमत आहे.

तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला या पाण्यातच सापडलं.

आधी आकडे. अर्धं ग्लायकॉल आणि अर्धं पाणी घेतलं तर ते उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे पाण्यापेक्षा जेमतेम सात अंश जास्त. खरी करामत झाकणाची आहे. त्याने आत साधारण एक किलोचा दाब धरला की साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. (तात्यांच्या हातावर वाफ का उसळली त्याचं कारणही हेच. झाकण फिरलं, दाब गेला आणि शंभराच्या वर तापलेल्या पाण्याची क्षणात वाफ झाली.) आणि उष्णता वाहण्यात तर पाणीच वरचढ. मग बर्फ नाही, उकळण्यात फार फरक नाही, तर तात्या जिंकले म्हणायचे?

नाही. कारण कूलंटच्या कॅनमध्ये ग्लायकॉलसोबत गंजरोधक रसायनं असतात, आणि आपल्याला खरी गरज त्यांची आहे. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की पातेल्यात तापवलं तर कडेला पांढरा थर बसतो. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. तात्यांच्या टेम्पोचं इंजिन बिडाचं होतं, रेडिएटर तांब्या-पितळेचा, डाग लावून दुरुस्त होणारा. आजच्या गाडीत हेड ॲल्युमिनियमचं आणि रेडिएटरही ॲल्युमिनियमचा. साध्या जड पाण्यात हे धातू कुरतडले जातात, पंपाचं सील झिजतं, आणि एक दिवस गॅस्केट जातं. १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला पहिली एसटी निघाली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. ती बेडफर्ड बस आमच्याच तालुक्यातल्या सुप्यावरून गेली असणार. तिच्या काळातला पाण्याचा कॅन त्या इंजिनांना चालून गेला. इंजिन बदललं, सवय तीच राहिली.

आता त्या रविवारचं. क्लिप एकदाची सुटली आणि घमेल्यात जे पडलं ते हिरवं नव्हतं, पाण्यात कालवलेल्या विटेच्या रंगाचं होतं. तात्या मधूनमधून बोअरचं पाणी घालत होते, हे मला माहीत होतं. पण निम्मा दोष माझा होता. दोन वर्षांपूर्वी मीच कूलंट बदललं होतं, आणि चुकीचं. आमच्या गाडीत नऊ लिटर मावतं, पण खालून सोडलं की साडेचारच बाहेर येतं, बाकीचं ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या नळ्यांत अडून राहतं. तेव्हा मी साध्या पाण्याने धुतलं आणि मोकळ्या झालेल्या जागेत निम्मं पाणी असलेलं तयार मिश्रण ओतलं. आत उरलेलं पाणी धरलं तर ग्लायकॉल भरलं फक्त २५ टक्के. कोडमध्ये असली चूक मी दुसऱ्याची असती तर हसून दाखवली असती.

या वेळी बॅटरीचं पाणी आणलं, पाच लिटरचे चार कॅन. सोडायचं, भरायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून गाडी चालू करायची, थर्मोस्टॅट उघडून वरचा होज तापेपर्यंत थांबायचं, मग इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं आणि पुन्हा सोडायचं. दर फेरीला जुनं निम्मं होतं. चार फेऱ्यांनंतर सोळावा हिस्सा. पाचव्यांदा सोडलं तेव्हा पाणी जवळपास नितळ आलं, आणि त्या साडेचार लिटरच्या जागी साडेचार लिटर शुद्ध कूलंट ओतलं. आता बरोबर निम्मं-निम्मं. झाकण उघडं ठेवून, वरचा होज दाबत दाबत हवेचे बुडबुडे काढले. दिवस मावळला. तात्या एका फेरीला एप्रिलच्या उन्हात हीटर लावून गाडीत बसले होते, आवाज ऐकायला म्हणे.

दोन वर्षांपूर्वीची दुसरी चूक मी अजून सांगितलेली नाही. तेव्हा ते घमेलं मी रात्रभर गाडीखाली तसंच ठेवलं होतं. सकाळी मोत्या, तात्यांचा कुत्रा, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात होता. दुपारी बरा वाटला. तिसऱ्या दिवशी गेला. ग्लायकॉल गोड लागतं आणि शरीरात गेल्यावर त्याचं ऑक्झॅलिक ॲसिड होतं. मग मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे खडे साचतात, मुतखड्यात असतात तेच, पण दोन-तीन दिवसांत. मध्यम आकाराच्या कुत्र्याला वाटीभरसुद्धा पुरतं. मी तेव्हा तात्यांना कारण सांगितलं नाही. त्यांना वाटलं साप चावला.

या वेळी सांगितलं. जे. जे. रुग्णालयातली १९८६ ची गोष्टही सांगितली, औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये याच कुळातलं डायएथिलीन ग्लायकॉल निघालं आणि १४ रुग्ण दगावले, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले आणि घमेल्यावर पाटा आणून ठेवला.

पाच वेळचं मिळून साडेबावीस लिटर झालं. गावातल्या एका गॅरेजवाल्याला विचारलं, तर म्हणाला, ओढ्यात सोड. त्या ओढ्यावर खाली शेरडं पाणी पितात. म्हणून बॅटरीच्या पाण्याचे रिकामे कॅन आणि एक जुना तेलाचा डबा भरून, झाकणं आवळून, माळ्यावर ठेवलेत. बैलांच्या शिंगांना लावायचा हिंगूळ घेऊन तात्यांनी प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहिलं. पुढच्या खेपेला ते पुण्याला घेऊन जाणार आहे. तिथे कोण घेतं त्याची चौकशी चालू आहे.