नऊ जणांचं सीरम आणि सतरा जणांचं सीरम

‘पॉझिटिव्ह कंट्रोल’ची व्याख्या आपण सगळेच पाठ करतो. तो नसला तर नेमकं काय अडतं, हे मला जीएम अन्नाच्या अ‍ॅलर्जीची दोन जुनी प्रकरणं वाचताना कळलं. दोन्ही अमेरिकेतली.

पहिलं सोयाबीनचं. सोयाबीनमध्ये मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असतं. पशुखाद्य सुधारावं म्हणून पायोनियर हाय-ब्रेड कंपनीने ब्राझील नटमधल्या, भरपूर मेथिओनिन असलेल्या प्रथिनाचं जनुक सोयाबीनमध्ये घातलं. ब्राझील नटची काहींना अ‍ॅलर्जी असते हे माहीत होतंच. म्हणून नेब्रास्का विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा ९ जणांचं सीरम तपासलं. ८ जणांच्या आयजीई प्रतिपिंडांनी नव्या सोयाबीनमधलं ते प्रथिन बरोबर ओळखलं! १९९६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते बियाणं बाजारात आलंच नाही.

दुसरं प्रकरण स्टारलिंक मक्याचं. त्यातलं क्राय-९-सी हे प्रथिन बीटी जिवाणूचं. ते उष्णतेत टिकायचं आणि कृत्रिम जठररसात सहज पचत नव्हतं. अनेक अ‍ॅलर्जीकारक प्रथिनं अशीच असतात. म्हणून १९९८ मध्ये ईपीएने त्याला फक्त पशुखाद्यासाठी परवानगी दिली. तरी २००० साली हा मका दुकानातल्या टाको शेल्समध्ये सापडला, आणि लोकांच्या तक्रारी आल्या. सीडीसीने छाननी केली, तेव्हा २८ जणांची लक्षणं अ‍ॅलर्जीची असू शकतील अशी वाटली. त्यातल्या १७ जणांनी सीरम दिलं. एकातही क्राय-९-सीविरुद्धचं आयजीई मिळालं नाही.

मग प्रश्न मिटला का? नाही. ब्राझील नटची अ‍ॅलर्जी असलेले लोक आधीपासून होते. क्राय-९-सीची अ‍ॅलर्जी असलेला माणूस कुणालाच माहीत नव्हता. म्हणजे पॉझिटिव्ह कंट्रोलसाठी मानवी सीरमच नाही. ईपीएच्या तज्ज्ञमंडळाने २००१ मध्ये हेच सांगितलं: शक्यता कमी झाली, पण या नकारात्मक निकालावर किती विसंबायचं ते ठरवता येत नाही.

पुढे २००३ च्या कोडेक्स मार्गदर्शक तत्त्वांत एकाच चाचणीवर भिस्त ठेवलेली नाही. जनुकाचा स्रोत, ज्ञात अ‍ॅलर्जीकारकांशी अमिनो आम्लक्रमाचं साम्य, पेप्सिनमधलं पचन आणि गरजेनुसार सीरम चाचणी, असा सगळा पुरावा एकत्र तोलायचा.

थीसिसमध्ये ‘आढळले नाही’ असं लिहिण्याआधी स्वतःला विचारा: ते असतं, तर माझ्या चाचणीला सापडलं असतं का?