हळदोण्याचे ट्रम्पेटवाले



लग्नाची वरात गल्लीच्या तोंडाशी आली, की ढोलाच्याही वर एक पितळी आवाज चढतो. तो ट्रम्पेटचा. आपल्या पनवेलहून गोव्याचा महामार्ग सुटतो. त्या गोव्यातल्या एका ट्रम्पेटवाल्यांची गोष्ट आज सांगते.

त्यांचं नाव आंतोनियो शावियेर वाझ. जन्म १९१६ सालचा, बार्देशातल्या हळदोणे गावचा. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. चर्चच्या शाळेत मुलांना संगीत वाचायला आणि लिहायला शिकवत. आपल्याकडे गाणं गुरूच्या तोंडून कानात उतरतं, तिथे ते कागदावरही उतरायचं. ही विद्या गाठीला बांधून गोव्याची कितीतरी मुलं पोटासाठी मुंबईला आली. वाझही आले. मुंबईतल्या हॉटेलांत ते वाजवायचे. लोक त्यांना ओळखायचे ते चिक चॉकलेट या नावानं.

आता हे वाद्य समजून घेऊ. ट्रम्पेट म्हणजे आपल्या तुतारीचं भावंडच. सनईला पत्ती असते, या दोघांना नसते. ओठ आवळून फुंकायचं, ओठ थरथरतात आणि सूर निघतो. ट्रम्पेटला वर तीन कळा असतात. कळ दाबली की हवेची आतली वाट लांबते आणि सूर खाली येतो. कळा तीनच, सूर मात्र कितीतरी. बाकी सगळी करामत ओठांची आणि दमाची.

अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक लुई आर्मस्ट्राँग हे चिक यांचं दैवत. त्यांच्यासारखं वाजवायचं, त्यांच्यासारखं घोगऱ्या आवाजात गायचं. लोक चिक यांना भारताचे आर्मस्ट्राँगच म्हणायचे. या संगीताला जॅझ म्हणतात. भजनात बुवा एकच ओळ घेऊन दहा तऱ्हांनी फिरवतात ना, तसंच यात वादक ठरलेली चाल घेतो आणि आपल्या मनानं ती फुलवत नेतो.

हा बाज सिनेमात कसा आला? संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, यांनी चिक यांना सोबत घेतलं. १९५१ साली भगवानदादांचा ‘अलबेला’ आला. त्यातली गाणी अजून आपले पाय थिरकवतात. चिक आणि त्यांचा बँड त्या सिनेमात पडद्यावरही दिसतात. त्याच वर्षी ‘नादान’ या सिनेमाला चिक यांनी स्वतः संगीत दिलं.

पण असं नाव सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही. संगीतकार चाल बांधायचे. व्हायोलिन कुठे, ट्रम्पेट कुठे, हे कागदावर मांडणारे बरेचदा गोव्याचे असत. रेकॉर्डवर त्यांचं नाव क्वचितच यायचं. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांचंच बघा. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ मधल्या एका गाण्यात त्यांचं नाव घातलं, ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी. गाणं घरोघरी पोचलं, पण या नावाचा खराखुरा माणूस आहे, हे किती जणांना ठाऊक होतं?

सख्यांनो, हे दुखणं आपल्या ओळखीचं आहे. पापड गटातल्या बायकांनी लाटायचे आणि पुडीवर नाव व्यापाऱ्याचं! म्हणून तर आपण पुडीवर गटाचं नाव छापायचा हट्ट धरतो.

चिक १९६७ साली गेले. वय जेमतेम पन्नाशीचं.

आता कधी ‘अलबेला’ लागला, तर पडद्यावरच्या बँडकडे नीट बघा. आणि पुढच्या लग्नात बँडवाल्यांना पान वाढाल, तेव्हा ट्रम्पेटवाल्या दादांना त्यांचं नाव विचारा. कोणाकडे शिकलात, तेही विचारा. लक्षात ठेवा आणि घरी मुलांना सांगा.