धुळीचा कण गोल नसतो

सकाळीं खिडकीच्या फटींतून उन्हाची तिरीप घरांत येते आणि तिच्यांत धुळीचे असंख्य कण तरंगतांना दिसतात. कणावर पडलेला प्रकाश चोहोंकडे विखुरतो, म्हणूनच कण आपणांस दिसतो. कोणत्या दिशेस किती प्रकाश जाईल, हें गणितानें सांगतां येईल काय? या प्रश्नाचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

इ. स. १९०८ मध्यें गुस्ताव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञानें, द्रवांत तरंगणाऱ्या सोन्याच्या सूक्ष्म कणांमुळें दिसणाऱ्या रंगांचा विचार करतांना, याचें पूर्ण उत्तर काढलें. परंतु तें गोल कणापुरतेंच. प्रस्तुत वक्त्याची हयात शाळेंत गणित शिकविण्यांत गेली. ‘समजा, हा एक गोळा आहे,’ असें त्यानें फळ्यावर कितीदां तरी लिहिलें असेल! गोळा धरला कीं गणित सुटतें. पण सृष्टीनें आपल्या सोयीसाठीं गोल व्हावें असें थोडेंच आहे?

इ. स. १९४९ मध्यें हिल्टनर व हॉल या अमेरिकन ज्योतिषशास्त्रज्ञांना आढळलें कीं, कित्येक दूरच्या ताऱ्यांच्या प्रकाशाचीं कंपनें सर्व बाजूंस सारखीं नसतात; एका बाजूस तीं किंचित् अधिक असतात. वाटेंतील धूळ गोल असती तर असें घडलेंच नसतें, कारण गोलाला सर्व बाजू सारख्या. अर्थात् ते कण लांबट किंवा चपटे असून बऱ्याच अंशीं एका रोखानें राहिलेले असले पाहिजेत. गोलाचें गणित येथें अपुरें पडलें.

इ. स. १९७३ मध्यें पर्सेल व पेनिपॅकर यांनीं या धुळीसाठीं निराळी युक्ति योजिली. वेड्यावांकड्या कणाच्या जागीं त्याच आकारांत बिंदूंची जाळी मांडावयाची. वर्गांतील प्रत्येक मूल गुरुजींचा शब्द ऐकतें, तशीच इतर सर्व मुलांची कुजबुजही ऐकतें. त्याप्रमाणें प्रत्येक बिंदूवर बाहेरून आलेल्या प्रकाशाचा आणि इतर सर्व बिंदूंचाही परिणाम होतो. एक हजार बिंदु घेतले तर तीन हजार समीकरणें एकदम सोडवावीं लागतात! मनुष्याच्या हातून तें होणें नाहीं; संगणक यंत्र तें करतें. कण मोठा असेल तर बिंदु फार लागतात, आणि यंत्रही थकतें. तथापि येथें गणितासाठीं कणाला गोल व्हावें लागत नाहीं. गणितच कणाच्या आकाराला जुळवून घेतें.

‘समजा’ हा शब्द शिक्षकानें अवश्य वापरावा. पण तास संपण्यापूर्वीं मुलांना सांगावें कीं, हें आपण केवळ समजलों होतों.