डाव्या पायाचे मास्तर

उजव्या हातात बशी धरा. कपातून पिऊ नका, इथे कुणी पीत नाही. चहा बशीत ओता, फुंकर मारा आणि कान उघडे ठेवा.

१२ जून १९६३, बुधवार. मृग लागून चार-पाच दिवस झाले, पण काचीगुडा स्टेशनासमोरच्या या इराण्याच्या हॉटेलातला पंखा अजून उन्हाळ्याचाच वारा फिरवतोय. दम्यावरचं माशाचं औषध घ्यायला जुन्या शहरात आलेली परगावची माणसं परतीच्या गाड्यांची वाट बघत वळकट्यांवर बसलीत. तुमच्या टेबलावर चौघं, चहा दोन. वन बाय टू. आणि चौघंही गप्प. हैदराबादेत इराण्याकडे चार माणसं गप्प बसलेली दिसली की समजावं, कुणाच्या तरी घरी वाईट झालंय.

काल रहीमसाहेब गेले. सय्यद अब्दुल रहीम. वय ५३. कॅन्सर.

तुम्हाला इथे एक मामा दिलाय, त्याच्याकडे बघा. मराठवाड्यातून सुलतानबाजारात आलेली आणि इथलीच झालेली जी मराठी घरं आहेत, त्यातलंच त्याचं एक. बोलताना निम्मं मराठी, निम्मं दखनी. तो बशीकडे बघत म्हणतो, "मास्तर गेले, बाबू." समोरचा म्हातारा मान हलवतो, "हौ मियाँ. मास्टर थे." नऊ महिन्यांपूर्वी ज्या माणसाने भारताला फुटबॉलचं आशियाई सुवर्णपदक मिळवून दिलं, त्याला हे गाव प्रशिक्षक म्हणत नाही, मॅनेजर म्हणत नाही. मास्तर म्हणतं. आणि ते खोटं नाही. पोट शाळेच्या पगारावर होतं. काचीगुडा, दारुल-उलूम, चादरघाट अशा शाळांतून त्यांनी मुलांना शिकवलं.

"मला विचार," मामा म्हणतो, "मास्तरनं काय दिलं म्हणून." तुम्ही विचारता. तो हसतो. "दिलं काहीच नाही. काढून घेतलं. उजवा पाय काढून घेतला."

इथे बशी खाली ठेवा, कारण आता तुम्ही बारा वर्षांचे होताय.

१९४५. निजामाचं राज्य, हाली रुपया, शाळेत उर्दू. परभणीहून मीटर गेजच्या गाडीने तुम्ही मामाकडे शिकायला आलात. मैदान म्हणजे लाल माती, खडे आणि एका कडेला कडुनिंब. पायात काही नाही. कुणाच्याच पायात काही नाही. चेंडू चामड्याचा, आत ब्लॅडर, तोंडाशी आवळलेली वादी. ती वादी कपाळावर बसली की दोन दिवस वळ राहतो. पावसात भिजलेला चेंडू तर दगडच.

कडेला उभा असलेला हा सडपातळ माणूस स्वतः चांगला खेळलेला आहे. गेली दोन वर्षं हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचा सचिव आहे आणि मरेपर्यंत राहणार आहे. हे तुम्हाला माहीत आहे, त्याला नाही. बोटांत सिगारेट. आज त्याने सामन्याचा नियम बदललाय: उजवा पाय चेंडूला लागला की फाउल.

खेळून बघा. जेवणाच्या पंक्तीत कुणी डाव्या हाताने जेवायला लावावं, तसं होतं. चेंडू समोर येतो, शरीर आपोआप वळतं, उजवा पाय उचलला जातो आणि शिट्टी. पुन्हा येतो, पुन्हा शिट्टी. तिसऱ्यांदा डावा पाय घालता, चेंडू अंगठ्यावर लागून भलतीकडे जातो आणि नखातून रक्त येतं. पोरं हसतात. हा माणूस हसत नाही, रागावतही नाही. चेंडू परत तुमच्याचकडे ढकलतो.

ज्या पोराला चार जणांना चकवून नेण्याची खोड आहे, त्याची गत याहून वाईट. त्याच्यासाठी वेगळा सामना: ड्रिब्लिंग बंद. चेंडू आला की लगेच पुढे द्यायचा. गल्लीतले हिरो अशा सामन्यात रडकुंडीला येतात. प्रत्येकाची जी मिरवायची गोष्ट, तीच हा मास्तर दप्तरात घालून घरी घेऊन जातो. मग तुम्हाला दुसरी काहीतरी शोधावी लागते. महिना-दीड महिन्याने एका संध्याकाळी चेंडू डावीकडून येतो, तुम्ही विचार न करता डाव्या पायाने तो पुढच्याला देता आणि शिट्टी वाजत नाही. तुम्ही कडेला बघता. मास्तर दुसऱ्याच पोराकडे बघतायत.

रहीमसाहेबांचं कौतुक बहुधा जिंकलेल्या कपांच्या यादीने होतं. माझ्या मते ती यादी या मैदानापुढे कोरडी आहे. तरी कूपरेजला एक चक्कर मारू, कारण तिथे तुमच्या ओळखीची माणसं भेटतील.

मुंबई, रोव्हर्स कप. लाकडी स्टँड, पुडीत खारे दाणे, शेजारी गिरगावातला कारकून, त्याच्या पलीकडे कोकणीत आरडणारे दोघे गोवेकर. मैदानात मास्तरांचा संघ, हैदराबाद सिटी पोलीस. यातले बरेच खरोखरचे पोलीस, म्हणून स्टँडमधून विनोद ठरलेला: हवालदार आले, चेंडू सांभाळा. १९५० ला हसू आलं. १९५१ ला कमी आलं. १९५४ संपेपर्यंत सलग पाच वर्षं कप हैदराबादला गेला होता, आणि गिरगावचा कारकून पोलिसांकडे बोट दाखवून शेजाऱ्याला सांगत होता, "बघा, कुणी चेंडू धरूनच ठेवत नाही." त्याला वाटलं, आपणच शोध लावला.

भारताची जबाबदारीही तोवर त्यांच्याकडे आली होती. १९५१ ला दिल्लीत इराणला १-० ने हरवून पहिल्याच आशियाई खेळांत सोनं. पुढच्याच वर्षी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १०-१. थंडी, ओलं गवत आणि अनेकांचे पाय उघडे. हॉटेलातल्या चौघांपैकी कुणी हेलसिंकीचं नाव काढत नाही. मेलेल्या माणसाबद्दल बोलताना एवढं चालतंच. पण त्या मारानंतर बूट सक्तीचे झाले, म्हणजे पायांची आणखी एक सवय गेली.

१९५६ चा नोव्हेंबर मात्र मामाला सोडवत नाही. १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य तीन तुकडे होऊन संपलं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कन्नड जिल्हे म्हैसूरला, हे शहर आंध्रला. परभणी एका रात्रीत परराज्यात. मामाचा धाकटा भाऊ तिकडे, हा इकडे. बरोबर महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं. संघात हैदराबादी इतके, की नकाशावरून पुसलेलं राज्य तिथे खेळत होतं म्हणा. तीन गोल मात्र नेव्हिल डिसूझाचे. मूळ गोव्याचा, मुंबईच्या मैदानांवर वाढलेला. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यातही पहिला गोल त्याचाच, नंतर युगोस्लाव्हियाने चार केले. चौथा क्रमांक. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारत त्याच्यावर कधी गेला नाही. हे तुम्ही टेबलावर बोलू नका. या लोकांना वाटतंय, ही सुरुवात आहे.

"बलराम को सायकल का भाडा कौन दिया?" म्हातारा एकदम विचारतो. तुलसीदास बलराम, सिकंदराबादेजवळच्या अम्मुगुड्याचा गरीब पोरगा. सरावाला शहरात यायचं तर यायचं कसं? मास्तरांनी भाड्याच्या सायकलीचे पैसे खिशातून दिले. मामा म्हणतो, "बघ, दिलं की काहीतरी." आणि दोघंही पहिल्यांदा हसतात. मग त्या हसण्याची लाज वाटून पुन्हा गप्प.

आता जकार्ता. इथे थोडं थांबावं लागेल.

४ सप्टेंबर १९६२, मंगळवार. सेनायनचं नवं स्टेडियम, सोव्हिएत मदतीने बांधलेलं, एक लाख माणसांचं. आत शिरलात की पहिल्यांदा कानांना कळतं. हा आवाज खेळाचा नाही, रागाचा आहे. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला येऊ दिलं नाही. आशियाई क्रीडा महासंघाचे भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी म्हणाले, मग या खेळांना आशियाई खेळ म्हणू नका. झालं. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. संघाची बस निघाली तेव्हा पगडीवाला सरदार लांबून ओळखू येईल म्हणून जर्नेल सिंग खाली वाकून बसला होता, असं ही मंडळी परत आल्यावर सांगत.

स्टँडमध्ये वर चढा. चहूकडून शिव्या, कळत नसल्या तरी शिव्याच. या गर्दीत भारतासाठी ओरडणारा एक छोटा घोळका आहे, आणि तो पाकिस्तानच्या हॉकी संघाचा आहे. कालच त्यांनी हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताला हरवलंय.

समोर दक्षिण कोरिया. याच कोरियाने पहिल्या साखळी सामन्यात भारताला २-० ने धुतलं होतं. त्यानंतर थायलंडविरुद्ध जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, सहा टाके पडले. जर्नेल म्हणजे बचावाची भिंत, आशियात तोड नसलेला सेंटर बॅक. टाके घातलेल्या माणसाला तुम्ही काय कराल? विश्रांती द्याल. फार तर त्याच्याच जागी जपून खेळवाल. मास्तरांनी त्याची जागाच काढून घेतली. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याला सेंटर फॉरवर्ड केलं. त्याने गोल केला, भारत ३-२ ने जिंकला. आज पुन्हा तो पुढेच उभा आहे, कपाळाला पट्टी. गोलमध्ये पीटर थंगराज, जो तापातून उठून आलाय. मधल्या फळीत फॉर्च्युनाटो फ्रँको, गोव्याचा. गोवा मुक्त होऊन अजून नऊ महिनेही झाले नाहीत. कर्णधार चुनी गोस्वामी.

आदल्या रात्री मास्तरांनी पोरांना जमवून एकच भेट मागितली होती: सोनं. प्रदीपकुमार बॅनर्जी ही गोष्ट पुढे म्हातारपणापर्यंत सांगत राहिले. आता बाकावर बसलेले मास्तर बघा. आजार अंगात शिरलेला आहे, सिगारेट सुटलेली नाही. भोवती लाखभर माणसं ओरडतायत आणि ते शाळेच्या मैदानाच्या कडेला उभे असावेत तसे बघतायत.

सतराव्या मिनिटाला प्रदीपकुमार. एक-शून्य. स्टेडियमचा आवाज जणू कुणी दाबून धरतो. तीन मिनिटांनी चेंडू पट्टीवाल्याकडे, आणि तो बचावपटू असल्याचं विसरून गेलाय. दोन-शून्य. मग तासभराहून जास्त वेळ नुसती वाट बघायची. ८५ व्या मिनिटाला कोरिया एक परत करतं. उरलेल्या पाच मिनिटांत तुमच्या मुठीत खुर्चीची कड आहे, तळहाताला वळ उठलाय. कपाळावर वादीचा उठायचा तसाच.

शिट्टी. दोन-एक.

बाकाकडे बघायला वळता, तर मध्ये माणसंच माणसं उभी राहिलीत. मास्तर दिसत नाहीत.

चहा पार निवलाय. बशीत सायीची सुरकुती. पोऱ्या टेबल पुसायला येतो, चौघांकडे बघतो, तसाच मागे जातो. बाहेर मनमाडची गाडी लागल्याची हाकाटी होते. वळकट्या उठतात.

"आता कोण?" कोपऱ्यातला, इतका वेळ न बोललेला माणूस विचारतो. कुणी दोन नावं घेतं, कुणी ती खोडतं. आवाज चढतो. हॉटेल पुन्हा हॉटेलसारखं होतं. म्हातारा म्हणतो, पोरं तीच आहेत, डोस्क्यात मास्टरच बसलेले आहेत. जातात कुठे? मामाला ते पटतं. फार पटतं. डोळे पुसून तो पुढे सरसावतो.

तुम्हाला पुढचं माहीत आहे. १९६६ ला बँकॉकमध्ये पहिल्याच फेरीत बाहेर. १९७० ला, पुन्हा बँकॉकलाच, ब्राँझ. कर्णधार याच शहराचा, सय्यद नईमुद्दीन. आणि त्यानंतर आशियाई खेळांत भारताला फुटबॉलचं पदक नाही. कुठल्याच रंगाचं.

"छासष्टला बँकॉक," मामा सिगारेटचं रिकामं पाकीट उलगडून पांढरी बाजू वर करतो, टेबलावर हाताने सपाट करतो. "तिथंही सोनंच. लिहूनच ठेवू. पेन्सिल आहे का रे तुझ्याकडं?"

पेन्सिल तुमच्या वरच्या खिशात आहे. तुम्ही खालचे दोन्ही खिसे चाचपता, मग पुन्हा चाचपता.