मिस्टर एक्सचा नाव-पत्ता

मामाच्या गोष्टी ऐकताना एक पथ्य पाळावं लागायचं: मध्ये तोंड उघडायचं नाही. ते पथ्य फक्त मामी मोडायची.

गिरगावातल्या चाळीतून साठच्या दशकात लंडनला गेलेला हा माणूस. पिकाडिलीजवळच्या एका कचेरीत हिशेब लिहायचा आणि उरल्या वेळात नाटकं बघायचा, तीही पैसे राखून. सोहोतल्या रूपर्ट स्ट्रीटवरचं ‘ऑलमोस्ट फ्री थिएटर’ त्याला सापडलं नसतं तरच नवल. तिथे जेवणाच्या सुट्टीत छोटी नाटकं होत आणि तिकिटापोटी ज्याने-त्याने परवडेल तेवढं द्यायचं. मामा डब्यातली पोळीभाजी उरकून तिकडे पळायचा. “काय लागलंय ते न बघताच आत शिरलो होतो,” तो सांगे. “काहीतरीच,” मामी म्हणे, “चांगली पाटी वाचून गेला होतात!” हा वाद त्यांच्यात शेवटपर्यंत मिटला नाही.

१९७५च्या फेब्रुवारीत त्या पाटीवर समलिंगी माणसांनी लिहिलेल्या नाटकांची मालिका होती. ती जागा चालवणारा एड बर्मन हा मूळचा अमेरिकन. मालिकेला गर्दी झाली आणि त्या गर्दीतूनच ‘गे स्वेटशॉप’ उभी राहिली. ब्रिटनमधली या प्रकारची पहिली नाटक कंपनी म्हणून तिचं नाव घेतात. ड्र्यू ग्रिफिथ्स हा तिच्या पहिल्या फळीतला नट आणि लेखक.

त्या वेळचं इंग्लंड मामा फार छान उभं करायचा. १९६७च्या कायद्याने एकवीस वर्षांवरच्या दोन पुरुषांना मोकळीक मिळाली होती, पण बंद दाराआड आणि फक्त इंग्लंड-वेल्समध्ये. स्कॉटलंडला त्यासाठी १९८० उजाडलं. १९६८पर्यंत तर प्रत्येक नाटकाची संहिता राजदरबारच्या लॉर्ड चेंबरलेनकडे मंजुरीला जायची. आपल्याकडच्या परिनिरीक्षण मंडळाला शिव्या घालणाऱ्या मामाला याचं कोण समाधान! “साहेबाच्या घरीही तेच होतं की.” सेन्सॉर गेला तरी रंगभूमीवरचा समलिंगी माणूस एकतर थट्टेचा विषय असायचा, नाहीतर तिसऱ्या अंकात मरायला ठेवलेला. बालगंधर्वांच्या शालूवर जीव टाकणाऱ्या घरात मामा वाढला होता. त्याला यातली गंमत कळत होती आणि खोच त्याहून जास्त.

या कंपनीच्या ‘मिस्टर एक्स’ नाटकाचा शेवट मामाने मला इतक्यांदा सांगितला, की तो प्रयोग मी स्वतः पाहिल्यासारखा डोळ्यांसमोर येतो. नेपथ्य जेमतेम. एक माणूस बालपणापासूनची लपवाछपवी सांगत जातो: शाळा, घर, नोकरी, खोटं हसणं. प्रेक्षक हसतात, मग त्यांचं हसू थांबतं. त्या माणसाला नाव नाही, तो नुसता एक्स. आणि शेवटी भूमिका करणारा नट पुढे येऊन स्वतःचं खरं नाव सांगतो आणि राहता पत्ताही. घर नंबर, रस्ता, सगळं. खोटं नाव घेऊन जगणं ही ज्या काळाची रीत होती, त्या काळात हे. “बाहेर दगड घेऊन कोणी उभा असेल तर त्याची सोयच झाली,” मामा म्हणे. पडदा पडल्यावर कोणी घरी जात नसे. नटमंडळी प्रेक्षकांत बसत आणि चर्चा सुरू होई. मामा ठामपणे सांगायचा, की खरं नाटक तेच. मला ते अतिशयोक्त वाटे. आता वाटत नाही. नाटकाच्या निमित्ताने अनोळखी माणसांनी एकमेकांना पहिल्यांदा आपलं खरं नाव सांगावं, एवढं काम किती नाटकांनी केलं असेल?

जिल पोझनरच्या ‘एनी वुमन कॅन’ने बायकांची बाजू आणली आणि कंपनी ही दोन्ही नाटकं गावोगाव नेऊ लागली. सगळीकडे स्वागतच झालं असं नाही. १९७६ साली डब्लिनच्या प्रोजेक्ट आर्ट्स सेंटरमध्ये प्रयोग झाले, तेव्हा तिथल्या महापालिकेने त्या केंद्राचं अनुदानच रोखलं. पाहुण्याला घरात घेतलं म्हणून यजमानाला दंड! पुढच्याच वर्षी पुरुषांचा आणि बायकांचा असे दोन गट पडले. मामा याला भांडण म्हणायचा. मामीला ते पटत नसे, मलाही नाही. बायकांच्या गटाने मग ‘केअर अँड कंट्रोल’ केलं. लेस्बियन आयांकडून कोर्ट मुलं काढून घेत होतं, त्यावरचं हे नाटक. पुरुषांच्या गटात राहून ते झालं असतं असं वाटत नाही.

पुरुषांच्या गटाचं मोठं काम म्हणजे १९७७चं ‘ॲज टाइम गोज बाय’. ते ग्रिफिथ्स आणि नोएल ग्रेग यांनी मिळून लिहिलं. व्हिक्टोरियन इंग्लंड, नाझींच्या उंबरठ्यावरचं बर्लिन आणि १९६९चं न्यूयॉर्क, असे तीन काळ त्यात येतात. त्यातल्या बर्लिनच्या भागाने मार्टिन शर्मनला ‘बेंट’ सुचलं. त्याने ते याच कंपनीसाठी लिहिलं होतं, पण ग्रिफिथ्सने वाचून सांगितलं, हे मोठ्या रंगमंचावर ने. १९७९मध्ये रॉयल कोर्टला ते इयन मॅकेलनने केलं आणि पुढे जगभर गाजलं. हाती आलेलं सोनं असं दुसऱ्याच्या ओंजळीत घालणारा नाटकवाला मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

त्याच साली ग्रेगने एडवर्ड कार्पेंटर या समलिंगी इंग्रज लेखकावर नाटक लिहिलं. हा कार्पेंटर १८९०मध्ये हिंदुस्थानात आला होता आणि त्याच्या प्रवासवर्णनाचं नावच ‘फ्रॉम ॲडम्स पीक टू एलिफंटा’. म्हणजे आपल्या घारापुरीपर्यंत. तिथल्या लेण्यात अर्धनारीश्वर उभा आहे, हे मामा प्रेक्षागृहात शेजारच्याला सांगत सुटला होता म्हणे.

कंपनीचा जीव मात्र कायम आर्ट्स कौन्सिलच्या अनुदानात अडकलेला. १९८१मध्ये ते गेलं आणि कंपनी थांबली. त्याच वर्षी इकडे तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आलं. विनय आपटे यांनी बसवलं, बाईवर प्रेम करणारी सुमित्रा देव रोहिणी हट्टंगडींनी केली. ते मुख्य धारेतल्या मोठ्या लेखकाच्या नावावर आलं. तिकडची कंपनी ज्यांची गोष्ट त्यांच्याच हातात होती, म्हणून तिची दोरी कापणंही सोपं होतं. १९८४मध्ये ग्रिफिथ्सचा खून झाला. ते सांगताना मामा फार बोलत नसे.

कंपनी तोवर पुन्हा उभी राहत होती आणि इथून पुढची गोष्ट मामीची. ती लंडनच्या एका इस्पितळात नर्स. एड्सच्या पहिल्या काळात काही वॉर्डांत जेवणाचं ताट खोलीच्या दाराबाहेर ठेवून माणसं निघून जात, हे तिने पाहिलेलं. अँडी कर्बीच्या ‘कॉम्प्रोमाइज्ड इम्युनिटी’त एक समलिंगी नसलेला पुरुष नर्स आणि त्याचा एड्सचा रुग्ण, अशी दोन माणसं आहेत. मामीचं लक्ष संवादांपेक्षा त्या नर्सच्या हातांकडे. हा माणूस रुग्णाला हात लावतो की नाही, लावला तर किती वेळ ठेवतो, एवढंच ती बघत होती. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाऊन वॉर्डातल्या दोन पोरींना तिने बजावलं, “बघून या, मग माझ्याशी बोला.” मामाने शेकड्याने नाटकं पाहिली, पण नाटक कामाला लावलं ते मामीने.

१९८८मध्ये थॅचरबाईंच्या सरकारने कलम २८ आणलं. समलैंगिकतेचा ‘प्रसार’ होईल असं काही नगरपालिकांनी करायचं नाही, असा त्याचा अर्थ. मॅकेलनने आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं ते या कलमाविरुद्ध बोलतानाच. १९८९मध्ये त्याने ‘बेंट’ पुन्हा केलं. कंपनीने आणखी काही वर्षं निभावलं. १९९७मध्ये अनुदान पुन्हा कापलं गेलं आणि कंपनी कायमची बंद झाली. ज्या कलमाशी ती झगडली, ते इंग्लंडमध्ये २००३मध्ये रद्द झालं, म्हणजे कंपनी गेल्यावर सहा वर्षांनी. गरज संपली म्हणून ती बंद पडली, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

कंपनीची कागदपत्रं आज लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजात जपलेली आहेत. मामीचे हात तिथे नसणार, मामाची पोळीभाजीही नसणार. मी त्या दोघांचं बोलणं कधी टेप केलं नाही, आता ते दोघंही नाहीत. तुमच्या घरात, शेजारात दादरच्या छबिलदास शाळेतल्या प्रायोगिक नाटकांच्या दिवसांत प्रकाशयोजना सांभाळलेला, कपडे शिवलेला, नुसता चटईवर बसून नाटक पाहिलेला कोणी म्हातारा असेल, तर या दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याकडे जा. फोनवरचं रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा, तेव्हा कोण कोण होतं, आणि कोणाचं नाव घ्यायचं राहून गेलं.