ज्वारी गेली, मागोमाग कडबा गेला

आज आपल्या भाकरीचा इतिहास बघू.

आपली काळी जमीन मूळची ज्वारीची. पूर्वी जमिनीत खणलेल्या पेवांत ज्वारी साठवायचे, अडीअडचणीला पेव उघडायचं. शेतात ज्वारीच्या काही तासांमागे तुरीचं एक तास असे, सोबत मूग-उडीद. भाकरी आणि वरण एकाच रानात पिकायचं. धाटांचा कडबा गुरांना, गुरांचं शेण उकिरड्यात आणि खत परत त्याच मातीत.

ही ज्वारी एका वर्षात गेली नाही. 1964 साली सीएसएच-1 हे पहिलं संकरित वाण आलं. उतारा वाढला, पण धाट बुटकं, कडबा कमी. पीक लवकर तयार व्हायचं, त्यामुळे कणसं पावसात सापडून दाणा काळा पडायचा. काळ्या दाण्याला भाव नाही. घरचं बीही चालेना, दरसाल विकत आणावं लागे. बी राखायचं काम बायांचं. ते हातून सुटायला तिथून सुरुवात झाली.

मग 1972 चा दुष्काळ पडला. अमेरिकेहून लाल मिलो ज्वारी आली. खडी फोडणाऱ्या आपल्या आया-आज्यांनी तिच्या भाकरी खाल्ल्या, सुकडी खाल्ली. त्या धान्यानं माणसं जगली, हे विसरायचं नाही. पण पुढं रेशनवर गहू-तांदूळच जास्त येत गेला आणि ताटात पोळी-भात वाढला. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य 1 रुपया किलो लिहिलं होतं. पिशवीत मात्र बहुतेक वेळा गहू-तांदूळच पडला.

पुढं सोयाबीन पसरलं. त्यानं रोख पैसा दिला, मुलांच्या फिया भरल्या. त्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्रही देतात. पण सोयाबीन कडबा देत नाही. कडबा नाही म्हणून दावणीला जनावर नाही, जनावर नाही म्हणून शेणखत नाही, आणि मग रासायनिक खताची गोणी उधारीवर आणायची. ताटातलं धान्य बदललं की मातीचं खाणंही बदलतं, ते असं.

धाराशिव-लातूरकडं 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्थेसोबतच्या बायांनी यावर वाट काढली. घरच्या शेतातला अर्धा-एक एकर त्यांनी मागून घेतला आणि त्यात धान्य, डाळी, भाजीपाला लावला. बाकीच्या रानात नगदी पीक राहिलं. या कामाला 2016 साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

आपल्यालाही हे जमण्यासारखं आहे. रब्बी ज्वारी काळ्या रानाच्या ओलीवर येते. गव्हाला पाच-सहा पाणी द्यावं लागतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती, परभणी ज्योती ही वाणं संकरित नाहीत, निवडून ठेवलेलं घरचं बी पुन्हा पेरता येतं.

तेव्हा येत्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की आणखी एक हिशोब मांडा. आपल्या गटात किती घरी स्वतःची ज्वारी आहे, किती घरी कडबा आहे आणि कोणाला अर्धा एकर मागून घेता येईल? नावं लिहून ठेवा. पेरणीआधी बियाण्याची मागणी सगळ्यांची मिळून करू.